'घरीच शिकवू' म्हणण्याआधी

गेल्या महिन्यात जेवताना भाईजान सहज बोलून गेले, "छोटी को भी तू घरमेंच पढा दे. मुन्नी को तूनेच तो पढाया था." अम्मीला ते लगेच पटलं. रस्त्यापलीकडे शाळा, अमरावती-परतवाडा रस्त्यावरची ट्रकची वर्दळ, रोज सोडायला-आणायला कोण जाणार, ही सगळी कारणं तिच्या तोंडाशीच होती. भाभी काही बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

धाकटी भाची साडेपाच वर्षांची आहे. जूनअखेर ती पहिलीत जायची. मी भाईजानना 'नाही' म्हटलं. त्यांना वाटलं, मला आता वेळ नाही किंवा कंटाळा आला असेल. खरं कारण वेगळं आहे आणि ते दोन वाक्यांत सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे. वलगावच्या आमच्या मोहल्ल्यात 'घरीच शिकवू' हे वाक्य हल्ली बरंच ऐकू येतं. तुमच्याही घरात ते कधीतरी येईल. तेव्हा उत्तर तुम्हाला द्यायचं आहे, कारण घरात शिकलेले तुम्हीच असाल.

मुन्नी २०२० मध्ये पहिलीत जाणार होती. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. मी बीए दुसऱ्या वर्षाला होते, कॉलेज बंद, घरीच बसलेले. घरात स्मार्टफोन एक आणि तो भाईजानसोबत दिवसभर कामावर. जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' हा कार्यक्रम लागायचा. तो चांगला होता, पण टीव्हीतल्या ताईला मुन्नी कुठे अडली ते कळत नाही. मग घरात ठरलं की फुप्पू शिकवेल.

मी अक्षरांपासून सुरुवात केली. मुळाक्षरं, मग बाराखडी. मुन्नीने दोन महिन्यांत सगळी बाराखडी पाठ केली आणि पाहुण्यांसमोर ती धडाधड म्हणायची. बालभारतीच्या पुस्तकाची पहिली काही पानंही ती वाचून दाखवायची. घरात सगळे खूश. एके दिवशी मी सहज पानावरच्या चित्रावर हात ठेवला आणि म्हटलं, आता वाच. ती गप्प झाली. मग पानाकडे न बघताच पुढची ओळ म्हणू लागली. ती वाचत नव्हती. माझ्या तोंडून ऐकलेलं पान तिने पाठ केलं होतं आणि चित्र पाहून कोणतं पान आहे ते ओळखत होती.

घरी शिकवणाऱ्याची पहिली अडचण ही असते. पाठांतर आणि वाचन बाहेरून सारखंच दिसतं. वर्गात चाळीस मुलं पाहिलेल्या शिक्षकाला फरक लवकर कळतो. आपण एकच मूल पाहिलेलं असतं आणि तेही लाडकं. त्याला येतंय असं आपल्याला वाटायला हवं असतं.

दुसरी अडचण भाषेची. आमच्या घरात उर्दू बोलतात. पुस्तकी उर्दू नव्हे, आपली वऱ्हाडातली, 'हौ' आणि 'कायको' वाली. गल्लीत वऱ्हाडी कानावर पडते. पुस्तकात मात्र तिसरीच मराठी. पुस्तकात 'पाणी' लिहिलेलं. मुन्नीने वाचलं 'पानी'. मी म्हटलं, नीट बघ. तिने पुन्हा बघितलं आणि पुन्हा 'पानी' म्हटलं. मी आवाज चढवला. ती रडत दादीकडे गेली आणि म्हणाली, "पानीच तो है ना दादी?"

रात्री झोप लागेना. मुलीने अक्षरं ओळखली होती, ती जोडली होती, अर्थही लावला होता. वाचन म्हणतात ते याहून वेगळं काय? तिच्या घरात 'ण' नाही, शेजारच्या वऱ्हाडी बोलणाऱ्या पोरांच्या तोंडीही 'पानी'च आहे. 'शाळा' हा शब्द ती 'शाला' वाचायची, शेजारची पोरं 'शाया' म्हणतात. दोघांनाही शब्द कळलेला असतो. मी वाचनाची चूक म्हणून जे पकडत होते, तो उच्चाराचा फरक होता. उच्चार पुढे ऐकून-बोलून सुधारतो. पण वाचताना दर शब्दाला टोकलं, तर मूल पुस्तकच मिटून ठेवतं.

खऱ्या चुका वेगळ्या होत्या आणि त्या मला उशिरा दिसल्या. 'दिवस' मध्ये वेलांटी 'द' च्या आधी दिसते, पण उच्चारायची नंतर. मुन्नी तिथे दर वेळी अडखळायची. 'चहा' आणि 'चाक' यांतला 'च' लिहायला एक, म्हणायला दोन. जोडाक्षर आलं की ती थांबून माझ्या तोंडाकडे पाहायची. हे सगळं शिकवावं लागतं, सावकाश, एका वेळी एकच. मराठी ज्याची घरची भाषा आहे, त्याने यातले कितीतरी शब्द आधी कानाने ऐकलेले असतात. म्हणून अर्धं वाचल्यावर त्याला पुढचं कळतं. आमच्या मुलांना शब्द आणि अक्षर एकदम शिकायचं असतं. हे ओझं दुप्पट आहे. ते मान्य न करता मुलाला 'ढ' ठरवणं सोपं असतं.

तिसरी गोष्ट मला नूरानी कायद्याने शिकवली. मुन्नी पाचव्या वर्षापासून मोहल्ल्यातल्या आपांकडे कायदा पढायला जायची. सुटी अक्षरं, मग जोडलेली अक्षरं, मग जबर, जेर, पेश. आपा रोज प्रत्येक मुलाचा सबक स्वतः ऐकतात. कालचा पक्का झाल्याशिवाय आजचा देत नाहीत. मागचं आमोख्ता रोज म्हणवून घेतात. मी बाराखडीचा रतीब घालत होते, पण मुन्नीचा सबक असा कधी ऐकला नव्हता. घरी शिकवणाऱ्यांनी आपांकडून हे जरूर घ्यावं. रोज थोडं, एकाला एक, आणि जुनं न सोडता.

पण त्याच कायद्यात एक इशाराही आहे. मुलं अरबी अक्षरं जोडून सुरेख तिलावत करतात आणि अर्थ त्यांना माहीत नसतो. इबादतीत त्याला त्याची जागा आहे. शाळेच्या वाचनात मात्र असं चालत नाही. आपल्या घरांत 'पढना' या शब्दाचा अर्थ आवाज काढणं इतकाच होऊन बसला आहे. मराठीचं पुस्तकही मुलं तसंच पढतात, आवाज खणखणीत आणि समज शून्य. वाचनाचा अभ्यास करणारे गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधी मांडणी केली. अक्षरांचा उलगडा आणि भाषेची समज यांचा गुणाकार म्हणजे वाचन. गुणाकारात एक बाजू शून्य असली की उत्तर शून्यच.

मग मी पद्धत बदलली. पुस्तक बाजूला ठेवलं. मुन्नी दिवसभरात जे बोलायची, त्यातलं एक वाक्य रोज जुन्या कॅलेंडरच्या मागे मोठ्या अक्षरांत लिहायचे. "भाभीने आज अंबाडीची भाजी केली" असं मी लिहिलं, तर ती म्हणाली, भाभी तुमची, माझी अम्मी. मग 'अम्मीने' असं लिहिलं. ते वाक्य तिचं असल्यामुळे ती ते वाचायची आणि वाचलेलं तिला कळायचं. माठ, पंखा, शिडी, दार या वस्तूंवर चिठ्ठ्या चिकटवल्या. दादी रात्री गोष्ट सांगायची ती आपल्या बोलीत. मी सकाळी त्यातल्या चार ओळी मराठीत लिहून द्यायचे. गोष्ट आधीच ठाऊक असल्यामुळे मराठी शब्द तिला परका वाटायचा नाही. पहिलीचं वर्ष संपता संपता ती नवं, न ऐकलेलं पान हळूहळू वाचू लागली. फार हुशार मूल होतं असं नाही. वर्षभर रोज एक तास गेला, एवढंच.

हा एक तास कुठून आला, तेही सांगायला हवं. माझं कॉलेज बंद होतं. मी लग्न झालेली नव्हते. माझ्या वाट्याचं घरकाम भाभी करत होत्या. भाईजाननी त्या दोन वर्षांत एकदाही पुस्तक हातात घेतलं नाही आणि आज "घरमेंच पढा दे" असं तेच म्हणतात. 'घरी शिकवणं' म्हणजे घरातल्या एखाद्या बाईचा रोजचा तास, हे आपण बोलत नाही. तो फुकटचा समजतो.

भाभींचं एक वेगळंच. त्या उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकल्या. मराठी वाचताना अडतात, म्हणून मुन्नीने पुस्तक पुढे केलं की म्हणायच्या, फुप्पूला विचार. त्यांना लाज वाटायची. कॅलेंडरवरची वाक्यं सुरू झाल्यावर त्या भाकरी थापता थापता ती बघू लागल्या. एक दिवस मुन्नीच्या आधी त्यांनीच वाक्य वाचलं. पुढे त्या उर्दूत एक ओळ लिहायच्या, मी तीच मराठीत, आणि मुन्नी दोन्ही जोडून पाहायची. अम्मीला मराठी येत नाही म्हणून ती शिकवू शकत नाही, हा माझा समज त्या वर्षी मोडला. ज्या भाषेत आईला गोष्ट सांगता येते, त्या भाषेत तिने भरपूर बोलावं. वाचनाची निम्मी तयारी तिथेच होते. बालभारती मराठीसह आठ भाषांत पुस्तकं काढते, उर्दूतही काढते. एकाच इयत्तेची दोन पुस्तकं समोर ठेवून आई आणि मूल एकत्र बसू शकतात.

तर मग मी 'नाही' का म्हटलं?

कारण १ डिसेंबर २०२१ ला गावातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले, तेव्हा काय झालं ते मी पाहिलं आहे. मधल्या काळात फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर शहरांत पुन्हा लॉकडाऊन लागला होता. त्या दोन शहरांच्या मधल्या रस्त्यावर आमचं गाव. नोव्हेंबरमध्ये अमरावतीत संचारबंदी आली, शहरातलं इंटरनेट बंद झालं. ज्यांचं शिक्षण मोबाईलवरच होतं, त्यांचं तेवढंही थांबलं. मुन्नीची पहिली शाळेचं तोंड न बघताच संपली होती. ती थेट दुसरीत बसली. तिला वाचता येत होतं, पण बाईंनी प्रश्न विचारला की ती बोलायची नाही. मराठीत बोलायची सवयच नव्हती. आम्ही तिला पुस्तकातली मराठी दिली, खेळातली, भांडणातली, डबा वाटून खाण्यातली दिली नव्हती. ती आम्ही देऊच शकत नव्हतो. ती तिला वर्गातल्या मैत्रिणींनी तीन-चार महिन्यांत दिली. आज ती सातवीत जाणार आहे आणि घरातली सगळ्यात चांगली मराठी तिची आहे. त्यातलं निम्मं श्रेय माझं, निम्मं त्या मैत्रिणींचं.

आणि तिच्या वर्गातली बाकीची मुलं? ज्यांच्या घरी रिकामी फुप्पू नव्हती, त्यांतल्या अनेकांना दुसरीत आपलं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. हे फक्त आमच्या गावाचं नाही. 'असर' या ग्रामीण भागातल्या पाहणीत देशभरात तिसरीतल्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येण्याचं प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होतं. २०२२ मध्ये ते २०.५ वर आलं. २०२४ मध्ये पुन्हा २७.१ झालं. शाळा बंद झाल्यावर घसरलं आणि उघडल्यावर दोन वर्षांत सावरलं. या आकड्यांत दोन्ही गोष्टी आहेत. शाळा नसली की नुकसान होतं. आणि शाळा चालू असतानाही चारांपैकी तीन मुलं मागे राहतात. म्हणून शाळा सोडून घर असा पर्याय नाही, आणि शाळेवर सगळं सोपवून घर मोकळं असंही नाही.

आपल्या ठरवण्याने मुलांना घरी शिकवणारे पालक आहेत, पुण्या-मुंबईत बरेच. त्यांच्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतो, पण तसं न करणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी, आठवीची परीक्षाही देता येते. पण त्या घरांत बहुतेक वेळा दोन शिकलेले पालक असतात, पुस्तकांचं कपाट असतं, आणि मुलगा-मुलगी दोघांसाठी नियम एकच असतो.

आमच्या मोहल्ल्यात 'घरीच शिकवू' हे वाक्य मी मुलग्याबद्दल अजून ऐकलेलं नाही. ते मुलीबद्दलच येतं. सहाव्या वर्षी रस्ता आडवा येतो, बाराव्या वर्षी जमाना आडवा येतो. सुरुवातीला वही-पुस्तक आणलं जातं. मग मुलगी लहान भावाला सांभाळते, मग पाणी भरते, मग कोणी विचारलं तर घरचे सांगतात, घरी शिकते. हे शिक्षण नव्हे. शाळा सोडवल्याला दिलेलं ते गोड नाव आहे. पुण्या-मुंबईच्या पालकांचा निर्णय आणि हा निर्णय यांना एकच शब्द वापरून आपण स्वतःला फसवू नये.

म्हणून असं कोणी म्हटलं की मी आता चार गोष्टी विचारते. शिकवणार कोण, त्या माणसाचं नाव सांगा. रोज किती वाजता, ती वेळ सांगा. महिन्याने मुलीला न पाहिलेलं पान वाचायला कोण देणार आणि त्यातलं तिला काय कळलं ते कोण विचारणार? आणि मुलगा असता तर हेच केलं असतं का? भाईजानकडे पहिल्या प्रश्नाचं उत्तर होतं, मी. बाकी तिन्हींवर ते गप्प राहिले.

घरात शिकणं आपल्या इतिहासात नवं नाही. सावित्रीबाईंना अक्षरओळख जोतिरावांनी घरीच करून दिली. पण त्या दोघांनी शिक्षण घरात ठेवलं नाही. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात फातिमाचा उल्लेख येतो, माझ्यामागे तिच्यावर कामाचा भार पडत असेल अशा काळजीचा. घरात शिकलेली बाई घराबाहेरच्या मुलींसाठी उभी राहिली, हा तो वारसा आहे. त्याचं नाव घेऊन मुलगी घरात बसवता येणार नाही.

आता तुमच्याशी बोलते, जे वीस-पंचवीसचे आहात. तुम्ही भाची-पुतण्यांचे मामू, खाला, चाचू, फुप्पू आहात. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेले कदाचित तुम्हीच. पहिलीतल्या मुलासाठी रोज अर्धा तास द्या, शाळा चालू असतानाच द्या. मुलग्यांनो, हे बहिणीवर ढकलू नका. मुलाच्या तोंडचं एक वाक्य लिहा आणि त्याच्याकडूनच वाचून घ्या. उच्चारावरून टोकू नका, अर्थ विचारा. बालभारतीची पुस्तकं आणि 'किशोर' मासिकाचे जुने अंक मोबाईलवर फुकट मिळतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर मराठीत आणि उर्दूतही गोष्टी आहेत. मोहल्ल्यात एखादा ओटा, एखादी पडवी शोधा. आपा असरनंतर कायदा घेतात, त्याच्या आधी अर्धा तास मराठी-उर्दू गोष्टींचा ठेवा. आपांना विचारा, बहुतेक नाही म्हणणार नाहीत. आणि शाळेत जाऊन बाईंना भेटा. आमच्या घरात मूल कोणती भाषा बोलतं हे त्यांना सांगा. 'पानी' म्हणणारं मूल चुकत नाही, हे त्यांनाही कोणी तरी सांगायला हवं.

सरकारने 'निपुण भारत' ही मोहीम जुलै २०२१ मध्ये सुरू केली. २०२६-२७ पर्यंत तिसरीतलं प्रत्येक मूल समजून वाचू लागेल असं ध्येय ठेवलं. ते कुठवर आलं हे दिल्लीला विचारायच्या आधी आपल्या गल्लीतल्या तिसरीतल्या मुलासमोर एक नवं पान ठेवून बघा. पाच मिनिटांत कळेल.

आमच्या वलगावात पेढी नदीकाठी गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ ला देह ठेवला. स्वतः अक्षरशत्रू असलेला हा माणूस गावोगाव सांगत फिरला की जेवायचं ताट मोडावं लागलं तरी चालेल, पण पोरांना शिकवा. त्यांनी पोरांना म्हटलं, पोरग्यांना म्हटलं नाही.

धाकटी जूनअखेर शाळेत जाईल. सकाळी रस्ता ओलांडून द्यायचं काम भाईजानकडे आहे, तसं ठरलं आहे. संध्याकाळचा अर्धा तास माझा आणि भाभींचा. कॅलेंडर या वेळी भाभींनी आधीच बाजूला काढून ठेवलं आहे.